युरो ट्रक सिम्युलेटर २ उघडायला नऊ मिनिटं लागतात, नक्की काय बघू?

कुंभारगल्ली_७ | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, काही सांगायचं राहिलं तर विचारा.

घरात एकच पीसी आहे, २०१५ साली घेतलेला. आय-५ ४४६०, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, आणि मागाहून टाकलेलं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. विंडोज १०. एकदा चालू झाला की गेम छान पळतो, ४५-५० एफपीएस (सेकंदाला तेवढी चित्रं) मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण चालू व्हायलाच नऊ मिनिटं लागतात. सहा महिन्यांपूर्वी तीन-चार मिनिटांत व्हायचा. मॉड (नवे ट्रक, नकाशे, आवाज अशी बाहेरनं टाकलेली भर) ६१ आहेत, सगळे मिळून १९ जीबी.

खेळणारा मी नव्हे, आमचे आण्णा. सव्वीस वर्षं ट्रकवर होते. शिरोलीतनं कास्टिंग भरून बेंगळुरू, येताना मिळेल तो माल. कमरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. गेल्या दिवाळीत मी पेडलसकट सेकंडहँड स्टीअरिंग आणलं, तेव्हापासून रोज संध्याकाळी तासभर बसतात. गेममधली कंपनी त्यांनी इंग्लंडमध्येच काढलीय, कारण तिथं गाड्या आपल्यासारख्या डाव्या अंगानं चालतात आणि स्टीअरिंग उजवीकडं घेता येतं. हाताची सवय मोडत नाही म्हणतात.

आता नऊ मिनिटं त्या खुर्चीत त्यांना नुसतं बसवत नाही. लोडिंगची पट्टी मध्येच अडकते, ते उठून गॅलरीत जातात, आणि परत येतच नाहीत. गेल्या आठवड्यात चार दिवस असंच झालं. मला हे बघवत नाही, म्हणून इथं लिहितोय.

राजारामपुरीतल्या एका दुकानात पीसी नेला होता. त्यांनी चालूही करून बघितला नाही. बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं नवं घ्या, पस्तीस-चाळीस हजार लागतील म्हणाले. पैसे मी कसेही उभे करीन, पण त्यानं लोडिंग कमी होणार का, हे कुणी छातीठोकपणे सांगेना.

मंगळवारपेठ_एक्सप्रेस | शनिवार, रात्री १०:५२

भावा, ग्राफिक्स सगळं लो कर आणि रिझोल्यूशन ७२० वर आण. माझ्याकडं लई फरक पडला होता.

घाटवाट | शनिवार, रात्री ११:०५

एक्सप्रेसभाऊ, तुमचा फरक गेम चालू असताना पडला असेल. सावल्या, आरसे, रिझोल्यूशन हे सगळं दर फ्रेमला कार्डावर येणारं ओझं. लोडिंगच्या वेळी कार्ड जवळजवळ रिकामंच बसलेलं असतं. टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) क्वालिटी उतरवली तर थोडं कमी वाचावं लागेल, पण नवाची आठसुद्धा होणार नाहीत. उलट आण्णांना आरशातलं दिसायचं बंद होईल, आणि आयुष्यभर ट्रक चालवलेल्या माणसाला आरसा धूसर दिसलेला चालत नाही.

कुंभारगल्ली, आधी सगळे मॉड बंद करून नव्या प्रोफाइलवर (खेळाडूचं गेममधलं खातं) वेळ लावून बघ. जुनं प्रोफाइल उघडून त्यातले मॉड काढू नकोस. नकाशाचा मॉड निघाला की ट्रक दुसरीकडं नेऊन ठेवला जातो आणि घेतलेली ट्रिप जाते.

सोल्डरगन | शनिवार, रात्री ११:४८

कुंभारगल्ली, अजून एक रुपयाही खर्च करू नकोस.

मी जुन्या २८६ प्रोसेसरच्या काळापासून कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, आता बसून असतो. बंद पडलेल्यापेक्षा हळू झालेलं मशिन निदानाला अवघड असतं, कारण ज्याला त्याला वाटतं आपल्याला कारण माहीत आहे. लोडिंग हे एक काम नव्हे. गेम डिस्कवरनं फायली उचलतो, मग प्रोसेसर त्या उलगडतो, रस्ते-गाड्या-दुकानांची माहिती वाचून मेमरीत मांडतो, आणि शेवटी टेक्स्चर कार्डाकडं जातं. या साखळीत कोण कुणाची वाट बघत थांबलंय ते कळलं पाहिजे. तुझं दुकान ते न बघताच प्रोसेसर बदलायला निघालं होतं.

मोबाइलचं स्टॉपवॉच घे आणि तीन वेळा मोज. एक, पीसी रीस्टार्ट करून, दोन मिनिटं थांबून, आण्णांच्या प्रोफाइलनं. दोन, परत रीस्टार्ट करून, मॉडशिवायच्या नव्या प्रोफाइलनं. तीन, गेम बंद करून रीस्टार्ट न करता लगेच तेच मॉडशिवायचं प्रोफाइल. तिसरी मोजणी चुकवू नकोस. विंडोज एकदा वाचलेली फाइल मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतं, त्यामुळं दुसऱ्या खेपेला डिस्ककडं फारसं जावं लागत नाही. दुसरी आणि तिसरी वेळ सारखीच आली तर डिस्क निर्दोष. तिसरी खूप कमी आली तर चोर डिस्कमध्ये आहे.

मोजताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या पानावर काय दिसतं तेही लिही. टक्के सगळेच बघतात, तू त्याखालची सरासरी प्रतिसाद वेळ बघ.

कुंभारगल्ली_७ | रविवार, सकाळी ९:३०

काका, मोजलं.

आण्णांचं प्रोफाइल: ९ मिनिटं १० सेकंद.
मॉडशिवाय, रीस्टार्टनंतर: ३ मिनिटं ४० सेकंद.
मॉडशिवाय, लगेच दुसऱ्यांदा: १ मिनिट ५ सेकंद.

डिस्क पूर्ण वेळ १०० टक्के. वाचायचा वेग सेकंदाला १ ते ३ एमबी. प्रतिसाद वेळ मात्र उड्या मारते. कधी ४०, कधी ८००, दोनदा तर ४००० मिलिसेकंदांच्या वर गेली. ती वर गेली की लोडिंगची पट्टी जागच्या जागी थांबते.

मंगळवारपेठ_एक्सप्रेस | रविवार, सकाळी ९:४१

हे फ्रॅगमेंटेशन असणार, फायलींचे तुकडे डिस्कभर विखुरलेत. ते जुळवायला डिफ्रॅग लावून जेवायला जा, संध्याकाळपर्यंत होईल.

सोल्डरगन | रविवार, सकाळी ९:४४

डिफ्रॅग अजिबात लावू नकोस. चेकडिस्कही (विंडोजची डिस्क तपासणी) नको. चालू केलं असशील तर थांबव. सविस्तर लिहितो.

सोल्डरगन | रविवार, सकाळी १०:२०

आता नीट सांगतो.

तुझी डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेणारी असणार. म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साधारण ४ मिलिसेकंद. ते डोकं धरणारा हात एका रुळावरनं दुसऱ्यावर जायला आणखी ८-९. म्हणजे विखुरलेली एक गोष्ट उचलायला १२-१३ मिलिसेकंद, सेकंदाला ७५-८० उचला. या बारीक उचला असतात, म्हणून १ ते ३ एमबी वेग बघून मी घाबरलो नाही. धडधाकट हार्डडिस्कही विखुरलेल्या बारीक वाचनात तेवढाच वेग देते. रांग लागली तर प्रतिसाद १००-२०० वर जातो, तेही चालतं.

४००० मात्र चालत नाही. चार सेकंदांत त्या तबकडीचे ४८० फेरे होतात. तेवढ्या वेळात एक तुकडा वाचून होत नाही, याचा अर्थ डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय आणि तो तिला लागत नाहीये. डिफ्रॅग म्हणजे अशा डिस्कला सगळं सामान या खोलीतनं त्या खोलीत हलवायला लावणं. चेकडिस्कच्या आर स्विचनं तर ती सगळी पृष्ठं वाचत बसते. आजारी डिस्कचा शेवट पुष्कळदा याच दोन कामांत होतो, आणि मी तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत झालेला बघितलाय.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरनं चालव. वर निळं आहे की पिवळं ते सांग, आणि ०५, ०९, सी५, सी७ या चार ओळींचे रॉ आकडे लिही.

निळी_शाई | रविवार, सकाळी १०:३१

काका अगदी बरोबर सांगताहेत. मी मूळची कसबा बावड्याची, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुंभारगल्ली, लोडिंगचं नंतर बघू. मला आधी सांग, त्या डिस्कवर गेमशिवाय काय काय आहे? आणि त्याची दुसरी प्रत कुठं आहे?

कुंभारगल्ली_७ | रविवार, दुपारी १२:१०

ताई, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आहे. आईचे फोटो आहेत, आई आता नाही. आणि आण्णांचे जुन्या फोनवरचे फोटो. प्रत्येक ट्रिपला गाडीपुढं उभं राहून एक फोटो काढायची त्यांची पद्धत होती. चार हजारांच्या वर आहेत. दुसरी प्रत कुठंच नाही.

काका, वर पिवळं आहे, 'कॉशन' लिहून आलंय. ०५ पुढं १८. ०९ पुढं ४बीसी८. सी५ पुढं ए८. सी७ शून्य. हे ए८ म्हणजे काय?

२०१९ च्या महापुरात आमच्याकडं पाणी आलं होतं. पीसी मी डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेला होता. भिजला नव्हता, पण जिन्यात एकदा आपटला. त्यामुळं असेल का?

सोल्डरगन | रविवार, दुपारी १२:४०

रॉ आकडे हेक्झाडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळावर आधारलेल्या मोजणीत) दिसतात, सॉफ्टवेअरची मूळ सेटिंगच तशी आहे. ए८ म्हणजे १६८. ०५ पुढचे १८ म्हणजे २४. आणि ४बीसी८ म्हणजे १९,४०० तास, आठशेहून जास्त दिवस डिस्क फिरलीय.

०५ म्हणजे डिस्कनं बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे), २४. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून बाद केले नाहीत असे सेक्टर, १६८. डिस्क ते लगेच टाकून देत नाही, कारण त्यात तुमचा डेटा असतो. पुन्हा पुन्हा वाचत राहते, आणि त्या जागी नवीन काही लिहिलं गेलं किंवा कधी ते नीट वाचता आलं की हिशेब मिटवते. गेमची एखादी मोठी फाइल अशा सेक्टरवरनं जात असेल तर दर लोडिंगला तो अडथळा येणार. सी७ शून्य म्हणजे केबल चांगली. तिथं आकडा वाढत असता तर मी शंभर-दीडशेची केबल बदलून बघायला सांगितलं असतं.

पुरातला धक्का कारण असेलही, पण इतक्या वर्षांनी ते सिद्ध होत नाही. मनाला लावून घेऊ नकोस. पुरात पीसी वाचवलास म्हणून ते फोटो आजवर टिकले.

आत्ता पीसी बंद कर. बाहेरची डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह हातात आल्यावरच चालू कर.

निळी_शाई | रविवार, दुपारी १:०५

कॉपी करताना क्रम पाळ. आधी आईचे फोटो, मग आण्णांचे, मग लग्नाचा व्हिडिओ. जे परत मिळू शकत नाही ते आधी. गेम स्टीमवरनं (गेमचं ऑनलाइन दुकान) पुन्हा उतरवता येतो, त्याला हातही लावू नकोस. आण्णांची कंपनी मात्र जपायला हवी: डॉक्युमेंट्समधल्या युरो ट्रक सिम्युलेटर २ फोल्डरातली प्रोफाइल्स उचल. प्रोफाइल स्टीम क्लाउडवर असेल तर स्टीमच्या यूजरडेटात तुझ्या खात्याच्या क्रमांकाखाली २२७३०० नावाचा फोल्डर असतो, तोही घे.

माउसनं ओढून कॉपी केलीस तर पहिल्या खराब फाइलवर सगळं अडकेल. रोबोकॉपी (विंडोजमधली कॉपी करायची कमांड) वापर, पण त्याचे आर आणि डब्ल्यू हे दोन्ही स्विच १ वर ठेव. मूळ सेटिंगमध्ये रोबोकॉपी न वाचलेल्या एकेका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर खेपेला ३० सेकंद थांबून. आजारी डिस्कला ते झेपणार नाही. जी फाइल निघत नाही ती सोडून पुढं जाऊ दे, राहिलेल्यांकडं शेवटी बघता येतं.

उचगावकर_लॅपटॉप | रविवार, दुपारी २:१५

मध्येच बोलतोय, माफ करा. माझाही हाच गेम हळू चालू होतो, पण माझ्याकडं एसएसडी (फिरणाऱ्या तबकडीऐवजी चिपवाली डिस्क) आहे. काकांच्या पद्धतीनं मोजलं. डिस्क जेमतेम ४ टक्के, प्रोसेसर शांत, आणि नेटवर्कचा आलेख मात्र वर. गेम तर ऑफलाइन खेळतोय. नेट बंद केलं की काही मॉड सापडतच नाहीत म्हणून एरर येते.

निळी_शाई | रविवार, दुपारी २:२६

मॉडचा फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये असतो, आणि तुझे डॉक्युमेंट्स क्लाउड बॅकअपला जोडलेले दिसतात. लॅपटॉपवरची जागा वाचवायला ते सॉफ्टवेअर न वापरलेल्या फायली नुसत्या नावापुरत्या ठेवतं आणि उघडताना खाली उतरवून घेतं. फायलींच्या नावापुढं ढगाचं चिन्ह आहे का बघ. असेल तर मॉडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून तो कायम याच डिव्हाइसवर ठेवायचा पर्याय निवड.

उचगावकर_लॅपटॉप | रविवार, दुपारी ३:५०

ढगच होता, ताई. चार मिनिटांवरनं ४० सेकंदांवर आलं. मनापासून आभार. आता तुमचा धागा तुम्हाला परत.

घाटवाट | रविवार, दुपारी ४:०२

त्यात एक भर. हा फोल्डर डॉक्युमेंट्समधनं कायमचा बाहेर काढायचा असेल तर स्टीमच्या लाँच ऑप्शन्समध्ये होमडिर हा पर्याय देऊन दुसऱ्या ड्राइव्हचा पत्ता लिहिता येतो. माझे मॉड तसेच ठेवलेत.

कुंभारगल्ली_७ | सोमवार, रात्री ११:५५

आत्ता संपलं. साडेसहा तास लागले. आईचे सगळे फोटो आले, एकही गेला नाही. आण्णांचे ४,१३० पैकी ११ उघडत नाहीत. लग्नाचा व्हिडिओ आला, मध्ये दोन ठिकाणी अडखळतो. सगळ्याची एक प्रत मित्राच्या बाहेरच्या डिस्कवर, एक बहिणीकडं.

आण्णा शेजारी बसून होते. फोटो येतील तसे बघत होते. तुमकूरजवळचा एक ढाबा, त्याच्या मालकाचं नावगाव, त्या रात्री पाऊस किती होता, सगळं त्यांना आठवतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आता एसएसडी कुठली घेऊ? एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी एसएसडी) फार वेगवान असते म्हणतात.

सोल्डरगन | मंगळवार, सकाळी ८:१०

चांगलं काम केलंस.

एनव्हीएमईच्या नादाला लागू नकोस. तुझ्या पीसीच्या पिढीतल्या स्वस्त बोर्डांवर तिच्यासाठी एम.२ स्लॉट बहुतेक नसतोच. साधी अडीच इंची साटा (हार्डडिस्कसारखी केबलनं जोडायची) एसएसडी घे, ५०० जीबी पुरे. ती सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत देते, पण आपल्याला त्या आकड्याचं फार कौतुक नाही. फिरणाऱ्या डिस्कला विखुरलेला तुकडा उचलायला १२-१३ मिलिसेकंद लागतात, एसएसडीला एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास. गेमच्या लोडिंगमध्ये खरा फायदा तिथं होतो. साटा आणि एनव्हीएमई यांच्या जाहिरातीतल्या वेगात सहापटीचा फरक असला, तरी बऱ्याच जुन्या गेमच्या लोडिंगमध्ये तो काही सेकंदांचाच उरतो, कारण पुढं प्रोसेसरचं काम असतं.

बोर्डावर काही साटा पोर्ट ६ जीबीपीएसचे आणि काही ३ जीबीपीएसचे असू शकतात. पोर्टाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एसएसडी ६ वाल्यातच लाव. आणि जुन्या डिस्कचं क्लोनिंग (जशीच्या तशी नक्कल) नको, विंडोज नव्यानं टाक. खराब डिस्कवरनं क्लोन केलं तर तुटलेल्या फायलीही सोबत येतात.

कुंभारगल्ली_७ | गुरुवार, रात्री ९:२०

एसएसडी बसली. साडेतीन हजारांच्या आत काम झालं. विंडोज नवीन, गेम स्टीमवरनं नव्यानं उतरवला, प्रोफाइल परत ठेवलं.

मॉडशिवाय: २८ सेकंद. रीस्टार्टनंतरसुद्धा!
आण्णांचं प्रोफाइल, ६१ मॉडसकट: २ मिनिटं ५० सेकंद.

नवाची तीनच्या आत आली, मला हेच लई आहे. पण डिस्क आता ५ टक्क्यांवर आणि प्रोसेसर ३० टक्क्यांवर असतो. मग ही दोन मिनिटं वीस सेकंद नक्की कोण घेतंय?

निळी_शाई | गुरुवार, रात्री ९:५८

तुझ्या प्रोसेसरला चार कोअर (वेगवेगळं काम करू शकणारे भाग) आहेत. त्यातला एक पूर्ण क्षमतेनं राबत असेल आणि तिघं बसून असतील, तर एकूण आकडा २५ टक्केच दिसतो. तुझे ३० म्हणजे जवळजवळ तेच. टास्क मॅनेजरमधल्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा दाखव. बरीच गेम लोडिंगचं मुख्य काम एकाच थ्रेडमध्ये, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर करतात, त्यामुळं जास्त कोअरवाला महाग प्रोसेसर घेऊन तिथं फार हाती लागत नाही.

यावर एक खरी गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. जीटीए ऑनलाइनचं लोडिंग वर्षानुवर्षं रेंगाळायचं आणि लोक डिस्कला, नेटला दोष द्यायचे. २०२१ च्या फेब्रुवारीअखेरीस टोपणनावानं लिहिणाऱ्या एका प्रोग्रॅमरनं शोध लावला. त्याच्या मशिनवर सहा मिनिटं लागत होती, आणि त्या सगळ्या वेळात एकच कोअर राबत होता. गेम १० एमबीची एक मजकुराची फाइल वाचत होता, दुकानातल्या सुमारे ६३ हजार वस्तूंची यादी. त्यातली पुढची नोंद वाचायच्या आधी दर वेळी उरलेल्या फाइलची लांबी नव्यानं मोजली जायची. पावती फाडण्याआधी दर खेपेला पुस्तकातली राहिलेली सगळी पानं मोजावीत तसं. त्यानंतर प्रत्येक वस्तू आधीच्या सगळ्या वस्तूंशी ताडून बघायची, दुबार आली नाही ना म्हणून. अशा तुलना होतात सुमारे १९८ कोटी. त्यानं ही दोन कामं दुरुस्त केली आणि वेळ दोन मिनिटांच्या आत आली. कंपनीनं मार्चमध्ये ती सुधारणा अपडेटमध्ये घेतली आणि त्याला १० हजार डॉलर बक्षीस दिलं.

गेमचा कोड आपल्या हातात नाही. पण आपण त्याला काय वाचायला देतो ते हातात आहे. डॉक्युमेंट्समधली गेम.लॉग.टीएक्सटी उघड. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ असते. वाचत बसू नकोस, फक्त दोन ओळींमधली वेळ कुठं मोठी उडी मारते ते शोध.

घाटवाट | गुरुवार, रात्री १०:२०

लॉगमध्ये एरर लिहिलेल्या ओळीही मोज. शेकड्यांनी असतील तर गेमच्या जुन्या व्हर्जनसाठी बनवलेला एखादा मॉड सापडेल. उडीवरनं काही कळलं नाही तर निम्मे-निम्मे करून बघ. अर्धे मॉड बंद करून वेळ लाव, जड अर्धा सापडला की त्याचे परत दोन भाग. ६४ मॉडपर्यंत सहा फेऱ्यांत एकावर येतोस. आण्णांचं प्रोफाइल वापरू नकोस, नवं प्रोफाइल काढून त्यातच हे उद्योग कर.

मंगळवारपेठ_एक्सप्रेस | गुरुवार, रात्री १०:३३

आणि अँटीव्हायरस बंद कर. तो प्रत्येक मॉड उघडून तपासत बसतो, हे मला खात्रीनं माहिताय.

निळी_शाई | गुरुवार, रात्री १०:४७

तपासतो हे खरं. मॉडच्या .एससीएस फायली पुष्कळदा नाव बदललेल्या झिपच असतात, आणि गेम त्या उघडताना मध्ये अँटीव्हायरस थांबवतो. पण अख्खा बंद करायला माझा ठाम विरोध आहे. एकसष्ट मॉड कुठकुठल्या साइटवरनं आलेत ते कुणाला माहीत? त्याच पीसीवरनं घरातले बँकेचे व्यवहार होत असतील. आधी मॉडचा फोल्डर पूर्ण स्कॅन कर, आणि गरज उरलीच तर फक्त तेवढ्या फोल्डरला सूट दे. नवा मॉड आला की तो आधी बाहेर स्कॅन करून मगच आत टाक.

मंगळवारपेठ_एक्सप्रेस | गुरुवार, रात्री १०:५५

ताई, पटलं. मीपण घरचा बंद करून ठेवला होता, आत्ता चालू केला.

कुंभारगल्ली_७ | शनिवार, संध्याकाळी ५:१०

सापडलं! लॉगमध्ये एके ठिकाणी सलग ७० सेकंदांची उडी होती. त्याच्या वरच्या ओळीत आपल्याकडच्या बसेसच्या एका पॅकचं नाव. फोल्डर उघडून बघितला तर तो पॅक .एससीएस फाइल नव्हताच. कधीतरी मीच तो झिप समजून उलगडून ठेवला होता. आत ११ हजारांवर सुट्या फायली.

घाटवाट | शनिवार, संध्याकाळी ५:२४

बरोबर. उलगडलेला फोल्डरही गेमला चालतो, मॉड बनवताना आम्ही तसाच ठेवतो. पण खेळताना तो तोट्याचा. एक पॅक म्हणजे एकदाच उघडायची एक फाइल. सुट्या ११ हजार म्हणजे ११ हजार वेळा उघडा, परवानगी तपासा, अँटीव्हायरसला दाखवा, बंद करा. फोल्डर काढून मूळ .एससीएस परत ठेव. आणि मॉड मॅनेजरमध्ये एकाच ट्रकच्या दोन आवृत्त्या चालू नाहीत ना तेही बघ.

कुंभारगल्ली_७ | रविवार, रात्री ९:४५

पॅक फाइल ठेवली. दुबार आणि जुन्या व्हर्जनचे नऊ मॉड काढले, पण आधी आण्णांना यादी वाचून दाखवली. त्यातल्या एका हॉर्नला हात लावू दिला नाही, तो त्यांच्या जुन्या गाडीसारखा वाजतो म्हणाले. स्कॅन स्वच्छ आला, त्यामुळं अँटीव्हायरसला कुठलीच सूट दिली नाही.

आता ५२ सेकंद. तीनदा मोजलं: ५२, ५१, ५२. बोर्ड तोच, प्रोसेसर तोच, रॅम तीच.

सोल्डरगन | रविवार, रात्री १०:०२

फार बरं वाटलं. दोन कामं राहिलीत. महिन्यातनं एकदा नव्या एसएसडीचाही क्रिस्टलडिस्कइन्फो बघत जा. आणि जुनी डिस्क कुणाला देऊ नकोस, भंगारातही टाकू नकोस, तुमच्या घरचे फोटो आहेत तिच्यात. अँटीस्टॅटिक पिशवीत घालून कपाटात ठेव. ते ११ फोटो कधी फारच हवेसे वाटले तर डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्यायला तीच लागेल. तोपर्यंत तिला वीज लावू नकोस.

कुंभारगल्ली_७ | रविवार, रात्री १०:३०

होय काका, पिशवीत घालून ठेवली, वर तारीख लिहिली.

आज आण्णा सव्वासातला बसले. मँचेस्टरहून डोव्हर, तिथनं बोटीनं पलीकडं. उजव्या अंगानं चालवायचं म्हणून आजवर पलीकडं जात नव्हते, आज स्वतःहून निघाले. आत्ता ऑस्ट्रियातल्या डोंगरात आहेत, मागं बावीस टन माल. उताराला इंजिन ब्रेक लावून गिअर खालचा ठेवलाय आणि मला सांगताहेत, ज्या गिअरनं घाट चढायचा त्याच गिअरनं उतरायचा, अनुस्कुऱ्यात असंच करायचो. घाटवाट, डोंगरी रस्त्यांचा चांगला नकाशा मॉड माहीत असेल तर नाव सांगा. पॅक केलेलाच हवा.